डेव्हलपमेंट स्टडीज करावं का? बीएच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीला उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘मी लातूरला बीए अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमए डेव्हलपमेंट स्टडीज करायचं मनात आहे. हा विषय नेमका काय असतो? एमएसडब्ल्यूपेक्षा, म्हणजे समाजकार्याच्या पदवीपेक्षा, वेगळा कसा? नोकरी लागते का, पगार किती? परदेशात जावं का? घरचे म्हणतात, त्यापेक्षा एमपीएससी कर.’

तुझं वय माझ्या भाचीएवढं, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. बावीस वर्षं मी या क्षेत्रात काढली. गावपातळीवर, जिल्ह्याला, मग मुंबईत पैसे देणाऱ्यांच्या बाजूला, आणि आता पुन्हा स्वतंत्रपणे मूल्यमापनाची कामं करते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: कर, पण लगेच नको. आणि नुसती तेवढी एकच गोष्ट शिकून थांबू नकोस.

मी हा विषय घेतला तेव्हा आत्याला सांगायला गेले. ती म्हणाली, ‘म्हणजे बीडीओ होणार ना?’ गटविकास अधिकारी हा तिच्या ओळखीतला एकच माणूस, ज्याच्या हुद्द्यात विकास होता. मी अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘बरं, पण मग बीडीओच का होत नाहीस?’ तुझ्या घरचेही तेच विचारताहेत. त्यांचा प्रश्न खुळा नाही, त्याकडे नंतर येते.

आपल्याकडे विकास म्हणजे सिमेंटचा रस्ता, सभामंडप, गावाची कमान आणि त्यावर लागलेला फ्लेक्स. डेव्हलपमेंट स्टडीजची सुरुवात या फ्लेक्सवर शंका घेण्यापासून होते. रस्ता कुठून कुठपर्यंत झाला? वस्तीच्या अलीकडे का थांबला? ते कोणी ठरवलं? त्या वर्षी त्याच पैशात दुसरं काय झालं असतं?

विषयाचा अधिकृत इतिहास दुसऱ्या महायुद्धानंतरचा सांगतात. वसाहती स्वतंत्र होत होत्या, श्रीमंत देश मदतीची भाषा बोलू लागले होते. २० जानेवारी १९४९ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ‘अविकसित’ प्रदेशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम मांडला. नेदरलँड्समध्ये हेगला १९५२ मध्ये आणि इंग्लंडात ससेक्सला १९६६ मध्ये या विषयाच्या संस्था निघाल्या. ससेक्सच्या संस्थेचे पहिले संचालक डडली सीअर्स यांनी १९६९ मध्ये एक साधी कसोटी मांडली. देशाचा विकास झाला का, हे पाहायचं तर तीन गोष्टी विचारा: गरिबीचं काय झालं, बेकारीचं काय झालं, विषमतेचं काय झालं? यातल्या एक-दोन जरी बिघडल्या असतील, तर दरडोई उत्पन्न दुप्पट झालं तरी त्याला विकास म्हणणं विचित्र होईल. अर्धशतक उलटून गेलं, तरी पहिल्या सत्रात आजही इथूनच सुरुवात होते.

पण तू मराठवाड्यातली आणि अर्थशास्त्राची आहेस, तर हेगपासून सुरू करू नकोस. घरातून सुरू कर. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या लहान जमीनधारणेवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते, शेतीचे तुकडे झालेत म्हणून शेतकरी गरीब आहे. आंबेडकरांनी प्रश्न उलटा केला. तुकडा लहान की मोठा हे नुसतं एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि माणसं किती यावर ठरतं. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगाकडे वळवल्याशिवाय तुकडे जोडून काही होणार नाही. जास्तीचे शेतमजूर उद्योगात नेण्याचा हा विचार पुढे १९५४ मध्ये आर्थर लुईस यांच्या नावाने जगभर गाजला. वर्गात लुईस शिकवतात, आंबेडकरांचा निबंध वाचायला लावणारे प्राध्यापक मला फार थोडे भेटले.

त्याच सुमाराला पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचं घरोघर सर्वेक्षण केलं. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी जमीन ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. आज तिथे जा, आयटीवाल्यांचे टॉवर दिसतील, एकराचा हिशेब कोणी विचारणार नाही. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोज २२५० कॅलरी हा पाया धरून गरिबीचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीची तेव्हा खरी परीक्षा झाली, १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा कायदा आला. एक निबंध, एक सर्वेक्षण, एक गरिबीची रेषा, एक कायदा. या चारांमध्ये मिळून हा विषय काय करतो ते सगळं आहे. गरिबी मोजणं, तिचं कारण शोधणं, आणि सरकारच्या हातून काही घडवता येतं का ते पाहणं.

आता एमएसडब्ल्यूशी फरक. एमएसडब्ल्यू ही व्यावसायिक पदवी आहे. माणसाबरोबर, कुटुंबाबरोबर, वस्तीबरोबर काम कसं करायचं ते ती हाताला धरून शिकवते. डेव्हलपमेंट स्टडीज ही अभ्यासाची पदवी आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि थोडं मानववंशशास्त्र एकत्र कालवलेलं. कागदावर हा फरक बारीक वाटतो, नोकरीच्या जाहिरातीत तो फार मोठा होतो. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेला एमएसडब्ल्यू लागतं. समुपदेशक, बालसंरक्षण, कामगार कल्याण, इथेही पदवीचं नाव नेमकं जुळावं लागतं. ‘किंवा समकक्ष’ असं लिहिलेलं असतं, पण समकक्ष म्हणजे काय हे टेबलामागचा कारकून ठरवतो. तुला माणसांबरोबर थेट काम करायचं असेल, एकेका बाईची केस लढायची असेल, तर सरळ एमएसडब्ल्यू कर. ‘हे असंच का होतं’ हा प्रश्न डोक्यातून जात नसेल, तरच इकडे ये.

पदवी काय देते आणि काय देत नाही, हे व्याख्येत सांगता येणार नाही. माझी पहिली नोकरी सांगते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात एका संस्थेचा पाणलोट प्रकल्प होता. संस्थेचं नाव राहू दे, माणसं भली होती. प्रकल्पाआधीची स्थिती मोजायला बेसलाइन करायचं होतं. निधी ऑक्टोबरात आला, प्रश्नावली छापून होईपर्यंत डिसेंबर उजाडला. मी नवी कोरी एमए, सहा पोरं हाताखाली, हातात ऐंशी घरांची यादी, अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने काढलेली. गावात गेलो तर यादीतल्या एकतीस घरांना कुलूप. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, घर बंद असल्यास शेजारचं पुढचं घर घ्यावं. आम्ही घेतलं. संध्याकाळपर्यंत ऐंशीचे ऐंशी फॉर्म भरले, मी खूश.

तू त्या भागाजवळची आहेस, तुला एव्हाना कळलं असेल. डिसेंबरात आष्टी-पाटोदा-शिरूरच्या गावांमध्ये कुलूप कोणाच्या घराला असतं? ज्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेले, त्यांच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या शास्त्रशुद्ध यादीतून आम्ही गावातली सगळ्यात हातावर पोट असलेली माणसं एकेक करून काढली आणि त्यांच्या जागी विहीर असलेला शेजारी भरला. एका घराबाहेर तर म्हातारी बसली होती, दोन नातवंडं होती. आमच्या पोराने लिहिलं, ‘कुटुंब उपलब्ध नाही’. कुटुंबप्रमुख घरी नव्हता ना, मग कुटुंब नाही. म्हातारी त्याला म्हणाली, ‘मग मी कोणंय?’ तो हसला आणि पुढच्या घरी गेला. हे त्याने मला रात्री गंमत म्हणून सांगितलं आणि मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

खरी फजिती तीन वर्षांनी झाली. शेवटचं सर्वेक्षण मे महिन्यात आलं. अक्षय्य तृतीया होऊन गेलेली, टोळ्या परत आलेल्या, एकही कुलूप नाही. त्यामुळे आकडे आले ते असे: प्रकल्पानंतर गावाचं सरासरी उत्पन्न घटलं, साक्षरता घटली, दरडोई जमीन घटली. पैसे देणाऱ्यांनी पत्र पाठवलं, तुमच्या पाणलोटामुळे लोक गरीब कसे झाले? विहिरींचं पाणी खरोखर वाढलं होतं. पण आम्ही आधी एक गाव मोजलं होतं आणि नंतर दुसरंच.

रॉबर्ट चेंबर्स नावाचे ब्रिटिश अभ्यासक ससेक्सला होते. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला गरिबी का दिसत नाही, याची त्यांनी यादीच केली होती. तो डांबरी रस्त्याच्या कडेचं गाव पाहतो, पुढाऱ्याशी बोलतो, पुरुषाशी बोलतो, आणि रस्ते कोरडे असतात तेव्हा येतो. मी ही यादी परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. डिसेंबरात त्या कुलपांसमोर उभी असताना मला ती आठवली नाही. पदवीमुळे मला चूक झाल्यावर तिचं नाव सांगता आलं. चूक होण्याआधी ती ओळखायची, तर ऊसतोडीचं वेळापत्रक माहीत असलेलं माणूस लागतं. ते वेळापत्रक तुला आत्ताच माहीत आहे. या क्षेत्रात तुझं पहिलं भांडवल ते आहे. मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलामुलींबरोबर वर्गात बसशील, तेव्हा हे विसरू नकोस.

पाणलोटाचंच आणखी सांगते, कारण हा विषय कशाकशाकडे बघायला लावतो ते त्यातून कळतं. माथा ते पायथा काम होतं. वर समतल चर, खाली बांधबंदिस्ती, नाल्यावर बंधारे. गाव चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव करतं. दोन-तीन पावसाळ्यांत खालच्या विहिरींना पाणी येतं, फोटो निघतात, तेही खरे असतात. पण वर माळावर शेळ्या चारणारी बाई कुठे जाते? तिला जमीन नाही, म्हणजे विहीर नाही, म्हणजे वाढलेल्या पाण्यात तिचा वाटा नाही. श्रमदान मात्र तिनेही केलं. इंजिनिअर विचारतो, पाणी किती अडलं. आपण विचारायचं, कोणाच्या विहिरीत. काही चांगल्या प्रकल्पांनी भूमिहीनांसाठी वेगळी तजवीज केली, चाऱ्याचा हिस्सा ठरवला. तसं झालं ते आधी कोणीतरी हा प्रश्न बैठकीत लावून धरला म्हणून. तो लावून धरणारं माणूस अप्रिय होतं, हेही सांगून ठेवते.

आता नोकरी.

मुलाखतीत ‘तू काय शिकलीस’ हे दोन मिनिटांत संपतं. मग विचारतात, ‘तुला काय येतं?’ इथे डेव्हलपमेंट स्टडीजची निम्मी मुलं गप्प होतात. सत्ता, लिंगभाव, नवउदारमतवाद यांवर ती तासभर बोलू शकतात, पण पाचशे कुटुंबांच्या माहितीतून एक धड तक्ता काढता येत नाही. म्हणून म्हणते, एक हत्यार बरोबर घेऊन ये. तुझं अर्थशास्त्र आहे, तर संख्याशास्त्र पक्कं कर; एक्सेल चांगलं, आणि आर किंवा स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक. नकाशांची आवड असेल तर क्यूजीआयएस फुकट आहे, घरी बसून शिकता येतं. याखेरीज आणखी एक हत्यार आहे, त्याला कोणी कौशल्य म्हणत नाही: सातबारा आणि आठ-अ वाचता येणं, शासन निर्णयातलं मराठी समजणं, ग्रामसभेचा ठराव लिहिता येणं. मुंबईतल्या मोठमोठ्या कार्यालयांत मी पाहिलंय, जीआर आला की तो वाचून दाखवायला माणूस शोधतात.

भाषेचंही तेच. प्रश्नावली इंग्रजीत तयार होते, मग तिचं मराठी होतं, आणि तिथे सगळं बिघडतं. अन्नसुरक्षेचा एक प्रश्न आम्ही विचारत होतो: ‘गेल्या महिन्यात अन्न पुरेल की नाही याची चिंता वाटली का?’ जो तो म्हणे, नाही. आमच्यात कोणी उपाशी झोपत नाही. चारचौघांत ‘हो’ म्हणणं म्हणजे घराची अब्रू काढणं. मग एका आशाताईने सुचवलं, ‘मागल्या महिन्यात कुणाकडून पीठ-मीठ उसनं आणावं लागलं का, असं विचारा.’ उत्तरं बदलली. हे मराठी तुला येतं. कोरकू, गोंडी, भिली येत असेल तर विचारूच नकोस, मेळघाटात आणि गडचिरोलीत तशी माणसं शोधून सापडत नाहीत. मात्र अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो आणि पगार त्या इंग्रजीवर ठरतो. हा अन्याय आहे, पण आहे. रोज एक पान इंग्रजीत लिहायची सवय आजपासून लाव.

मोजमापाच्या नोकऱ्यांना सध्या सर्वांत जास्त मागणी आहे. क्षेत्रात त्याला ‘एम अँड ई’, म्हणजे मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणतात. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीवरच्या उपायांची औषधासारखी चाचणी घेण्याच्या पद्धतीसाठी. (बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याकडे जरा जास्तच पेढे वाटले गेले.) या पद्धतीचा अतिरेक झाला आहे असं माझं मत आहे. प्रत्येक गोष्ट चाचणीने सिद्ध करायची गरज नसते. पण ती मनापासून केली तर काय होतं ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या ४७ गावांशी तुलना ठेवली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. ते काम गावात राहून मोजलेलं होतं. माझ्यासारखं डिसेंबरात येऊन कुलपं मोजणारं नव्हतं.

पैशांचं बोलू, कारण ते कोणी स्पष्ट सांगत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान संस्थेत प्रकल्प समन्वयकाला माझ्या पाहण्यात अठरा ते पंचवीस हजार मिळतात, कधी त्यात गाडीचं पेट्रोलही. नावाजलेल्या संस्थेची एमए घेऊन मोठ्या स्वयंसेवी संस्थेत किंवा संशोधन संस्थेत गेलीस तर सुरुवात पस्तीस ते पंचावन्नच्या आसपास. कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक कामाच्या विभागात आणि सल्लागार कंपन्यांत त्याहून जास्त. दहा वर्षांनी ही दरी खूपच रुंदावते, आणि बहुतेक वेळा गावापासून जितकी लांब खुर्ची तितका पगार मोठा. मीही शेवटी मुंबईला गेले. आईच्या औषधांचा खर्च होता. त्याचं समर्थनही करत नाही आणि लाजही वाटत नाही.

पगारापेक्षा मोठी अडचण अशी की जवळजवळ सगळं कंत्राटी आहे. प्रकल्प तीन वर्षांचा, तुझी ऑर्डर अकरा महिन्यांची. सरकारी अभियानांतही तेच. ‘उमेद’मध्ये बचतगटांचं काम करणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्या, वर्षानुवर्षं मुदतवाढीची वाट पाहणाऱ्या. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं की ‘नोकरी परमनंट आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. तुलाही तो प्रश्न येणार. तालुक्याला एकटीने खोली घेऊन राहणं, रात्री आठला मोटरसायकलवरून परतणं, यावर घरी आत्ताच बोलून घे, नोकरी लागल्यावर नको.

पैसा कुठून येतो यावर नोकऱ्या कुठे निघतात ते ठरतं, म्हणून दोन कायदे समजून घे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण कायद्यातच आहे, की आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. म्हणून कारखाना जिथे, पैसा तिथे. पुण्याभोवतीच्या शाळांना तिसऱ्यांदा रंग लागतो आणि नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याला एक संगणक जात नाही. दुसरा परदेशी देणग्यांचा कायदा. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थांमार्फत ज्यांना पैसा पोचायचा त्या तालुक्यातल्या लहान संस्था त्याने वाळून गेल्या. मी ज्या संस्थांमध्ये काम शिकले त्यांतल्या दोन आता फक्त पाटीपुरत्या आहेत. भरीला २०२५ मध्ये अमेरिकेने आपली यूएसएड ही मदत संस्थाच गुंडाळली, ब्रिटननेही मदत कमी करायचं जाहीर केलं. दिल्लीतले माझे दोन चांगले सहकारी एका महिन्यात घरी बसले, पंधरा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले.

म्हणूनच परदेशाबद्दल माझं मत कडक आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. कर्ज काढून जाऊ नकोस. ब्रिटनची एमए एका वर्षात संपते, कर्ज दहा वर्षं पुरतं, आणि ज्या आंतरराष्ट्रीय नोकऱ्यांच्या भरवशावर लोक जायचे त्याच आटल्या आहेत. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तोही ‘लगेच नको’ म्हणण्याचं एक कारण. अनुसूचित जातीतली असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहा. पण अशा योजना विद्यापीठाची एकूण जागतिक क्रमवारी बघतात, विषयाची नाही. ससेक्स या विषयात जगात अव्वल धरतात, एकूण यादीत ते बरंच खाली असतं. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचा जीआर आणि यादी शेजारी-शेजारी ठेवून वाच.

इथल्या इथे करायचं तर तुझ्यासाठी सगळ्यात जवळचं म्हणजे टिसचं, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, तुळजापूर आवार. टिस १९३६ पासूनची, मुंबईत देवनारला तिचं नाव मोठं. पण दुष्काळी भागात राहून शिकायचं तर तुळजापूर. देवनारच्या लोकलच्या धक्क्यात जे शिकशील ते वेगळं. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये सवलत देतं, आमच्या क्षेत्रात त्याच्या मुलांना मान आहे. एखादी मैत्रीण इंजिनिअर असेल तर तिला आयआयटी मुंबईचं सीतारा केंद्र सांग, १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतंय. कुठेही अर्ज करताना एकच गोष्ट विचार: फील्डवर्क किती आठवडे, आणि त्या काळात विद्यार्थी गावात मुक्कामाला असतात की गाडीने जाऊन येतात?

प्राध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर सावध. आपल्या कॉलेजांत या विषयाचा विभागच सहसा नसतो, मग जागा कुठून निघणार? नेट परीक्षेत डेव्हलपमेंट स्टडीज अर्थशास्त्राच्या विषयात धरलं जातं, म्हणजे पेपर अर्थशास्त्राचा. तुझं बीए अर्थशास्त्रच असल्याने तुझं निभेल. समाजशास्त्र करून आलेल्यांना तो पेपर गळ्याशी येतो.

राहिला घरचा प्रश्न. एमपीएससीला ही पदवी लागत नाही, कोणतीही पदवी चालते. पण गटविकास अधिकाऱ्याच्या एका सहीने जे होतं ते माझ्या दहा अहवालांनी होत नाही, हे मी मान्य करते. तुला खरोखर प्रशासनात जायचं असेल तर आधी तेच कर, वयाची अट आहे. एमए चाळिशीतही करता येतं. दोन्ही एकदम करायला जाऊ नकोस. सकाळी चालू घडामोडींचे प्रश्नसंच आणि संध्याकाळी सीअर्स, असं करणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं दोन्हीकडे अर्धवट राहतं. परीक्षेसाठी किती वर्षं द्यायची तो आकडा मात्र आजच कागदावर लिहून आईकडे दे.

आणि परीक्षेकडे जायचं नसेल, तर बीएनंतर दोन वर्षं एका संस्थेत, एकाच तालुक्यात काम कर. एसबीआय यूथ फॉर इंडियासारखी फेलोशिप तेरा महिन्यांची असते, तीही चालेल. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण ऊसतोडीचा हंगाम तिथे राहायला हवीस, एवढीच अट. मग एमएला जा. तेव्हा वर्गात प्रत्येक सिद्धांत ऐकताना तुझ्याकडे त्याला विचारायला एक गाव असेल.

तोवर या मे महिन्यात एक काम कर. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांकडे, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, चालू वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा माग. नाही दिला तर ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर बघ, तिथे गावाच्या नावाने सापडतो. तो घेऊन गावातून फिर. कोणतं काम झालं, कोणतं फक्त कागदावर, आणि कोणत्या वस्तीचं नाव आराखड्यात आलेलंच नाही, ते वहीत लिही. आराखडा बहुधा गेल्या वर्षाचाच तारीख बदलून केलेला असेल. चार दिवस पुरतील. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला तर तसं स्वतःशी कबूल कर, त्यात काही वाईट नाही. आणि परत आलेल्या टोळ्यांच्या घरी जाशील तेव्हा दुपारी जाऊ नकोस, सकाळी सातच्या आत जा. नंतर बाया रोजंदारीवर गेलेल्या असतात.